इंजिनाचा पिवळा दिवा

गुरुवार, ८ जानेवारी १९९८

ही डायरी सुभाषला अंधेरीच्या ऑफिसातून मिळाली. त्या ऑफिसात परदेशी पाहुणे येतात, त्यांना तो आपल्या गाडीतून फिरवतो. डायरी माझ्या हातात देत म्हणाला, "बाबा, दिवसभर काळज्या करत बसता, त्या यात लिहा. निदान आमचे कान सुटतील." रसिका, माझी सून, हसली. मी आठवडाभर डायरी उघडली नाही. चौतीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली, पण शिकलो चौथीपर्यंत. कोरं पान दिसलं की मला बांधायचं सुचतं, लिहायचं नाही. आज काळजीच तशी आहे.

सुभाष काल रात्री विमानतळावर गेला होता. पाहुण्यांना उत्तनच्या बंगल्यावर सोडून पहाटे परतला. सहाला पाणी येतं म्हणून मी उठलो, तर हा खाली गाडी धुतोय. थंडीत, बाह्या वर करून, बादलीवर बादली. गाडी धुण्याचं काम माझं. त्याची कंपनी बंद पडल्यावर मिळालेल्या हिशेबाच्या पैशातून त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हाच तसं ठरलं होतं. मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, मी आहे ना!" त्याने वर पाहिलं नाही. पुढचा डावा दिवा फुटला होता. "दगड उडाला," म्हणाला. चहा तसाच ठेवून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. झोपला नव्हता. झोपलेल्या माणसाची पाठ मला कळते.

सोमवार, १२ जानेवारी

ऑफिसातल्या नीलिमा मॅडमचा निरोप पेजरवर आला. उत्तनची फेरी होती. सुभाषने खालच्या बूथवरून फोन करून नाही म्हणून सांगितलं. रसिकाला राग आला.

"अहो, रोजची बांधलेली फेरी आहे. हातची का घालवताय?"

"रस्ता खराब आहे."

"मागच्या आठवड्यात नव्हता का खराब?"

तो उठून हात धुवायला गेला. जेवतानाही ताटात बोटं फिरवत बसला. आणखी एक नवीन. हल्ली तो खालच्या हंसाबेनकडून पेपर मागून आणतो. पूर्वी क्रिकेटचं पान सोडून काही बघायचा नाही. आता आतली बारीक अक्षरंही वाचतो, वसई-भाईंदरच्या बातम्या तर बोट ठेवून. नोकरी शोधतोय की काय? गाडीचा धंदा जमत नाही, असं तर नाही ना?

शनिवार, १७ जानेवारी

आज मी एक काम केलं. घरात कुणाला सांगणार नाही.

सकाळी हंसाबेन पार्किंगमध्ये भेटल्या. गाडीकडे बघून म्हणाल्या, "काका, नजर लग गई है. सुभाषभाई का मोढा तो देखो, कैसा उतर गया है. पूनम सागर में ऐसी गाड़ी और किसके पास है?" माझ्याही मनात तेच होतं. घेतली त्या दिवशी सगळी पूनम सागर सोसायटी गाडीभोवती गोळा झाली होती. लिंबू-मिरची बांधतो म्हणालो तर सुभाष म्हणाला, "बाबा, परदेशी लोक बसतात, त्यांना काय सांगू?" नारळही त्याने फोडू दिला नव्हता. मग नजर लागणार नाही तर काय?

ट्रकवाले मागे जुना बूट बांधतात. उगाच नाही बांधत. माझ्या ट्रंकेत अथर्वचे पहिले बूट आहेत, वर्षाचा होता तेव्हाचे. रबरी, निळे, तळव्यावर बदकाचं चित्र. नातवाचा बूट बापाच्या गाडीला राखील, असं वाटलं. त्यातला एक घेतला.

दुपारी सुभाष पडला होता, रसिका शाळेत शिकवायला गेली होती. गोणपाट अंथरून मी गाडीखाली सरकलो. सत्तरी उलटली, कंबर ओरडत होती. मागे बांधला असता तर दिसला असता, म्हणून मध्येच बांधायचा ठरवला. तिथे धुराचा पाइप आहे. त्याला बांधला तर रबर वितळेल, एवढी अक्कल मला आहे. शेजारी चार वायरींचा एक जुडगा खाली आलेला हाताला लागला. त्यालाच बारीक तारेने बांधला. दोन वेढे आणि आपली छापखान्यातली गाठ. ओढून बघितली. पक्की.

बाहेर आलो तेव्हा सदऱ्याला काळं लागलं होतं, पण बरं वाटलं.

बुधवार, २१ जानेवारी

गाडीत समोरच्या काट्यांच्या मध्ये एक पिवळा दिवा लागला आहे. इंजिनाचं चित्र आहे त्यावर. सुभाष म्हणाला, चालतेय ना, मग चालू दे.

नजर उतरताना आधी जोर करते म्हणतात. तसंच असावं.

शनिवार, २४ जानेवारी

गाडी दहिसर चेकनाक्यावर भर रस्त्यात बंद पडली. आत ऑफिसचे जर्मन पाहुणे. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. कुणा टॅक्सीवाल्याने फ्यूज जळाल्याचं शोधून दिलं. नवा घातला, गाडी चालू झाली, आणि बोरिवलीला परत तेच. पाहुणे रिक्षाने गेले. नीलिमा मॅडम म्हणाल्या, "सुभाष, आणखी एकदा असं झालं तर मला दुसरी गाडी बघावी लागेल."

तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. मला वाटलं होतं चिडेल. मी आपला देवापाशी बसलो.

मंगळवार, २७ जानेवारी

जवळच हाटकेशला जॉयचं गॅरेज आहे. मुलगा उत्तनकडचा, दहा वर्षं कुवेतमध्ये असल्याच गाड्यांवर काम करून आलेला. मी सुभाषबरोबर गेलो. त्याला एकट्याला कुठे पाठवायला मला हल्ली भीती वाटते.

जॉयने स्टीअरिंगखालचं एक सॉकेट शोधलं, त्याच्या दोन भोकांत गाडीत पडलेली रसिकाची हेअरपिन वाकवून घातली आणि चावी फिरवली. पिवळा दिवा उघडमीट करू लागला. तो किती वेळा लागतो ते जॉय बोटांवर मोजत होता. मग झेरॉक्स केलेल्या जाड वहीत बघून म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या हीटरची लाईन."

मी विचारलं, "गाडीला ऑक्सिजन लागतो?" मला हॉस्पिटलच आठवलं.

"न्हाय हो काका," तो हसला. "धुराच्या पाइपात गाडीला एक नाक बसवलेलं हाय. धूर हुंगून ते सांगतं पेट्रोल जास्त झालं का कमी. पण नाक गरम झाल्याशिवाय त्याला वास येत न्हाय. म्हणून त्याच्या पोटात बारका हीटर. चार वायरी जातात त्याला."

"नाक बिघडलं म्हणून गाडी बंद पडेल?" सुभाषने विचारलं.

"नाक बिघडून न्हाय. पण त्याच फ्यूजवरून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना करंट जातो. हीटरकडे शॉर्ट झाला की फ्यूज जातो, इंजिन उपाशी. शनिवारी आणा, गाडी थंड होऊ देऊ. आधी हीटर तपासू, मग खाली खड्ड्यावर घेऊन वायर बघू. तोपर्यंत लांब जाऊ नका. आणि फ्यूजला तार मारायची न्हाय, सांगून ठेवतो. पेटेल गाडी."

चार वायरी म्हणाला. घरी येईपर्यंत ते डोक्यातून जात नव्हतं. पण गाडीत वायरी शेकड्यांनी असतात. तो जुडगा हाच कशावरून?

शुक्रवार, ३० जानेवारी

दोन दिवस गाडीखाली शिरायला बघतोय. सुभाष दुपारी झोपत नाही, गाडीतच बसून राहतो. काच वर करून, हात स्टीअरिंगवर. आज मी काचेवर टकटक केली तर केवढा दचकला!

"काय रे?"

"काही नाही बाबा. तुम्ही वर जा."

शनिवार, ३१ जानेवारी

अक्षर नीट येत नाही. तरी सगळं लिहितो.

गॅरेजमध्ये आम्ही दोघं, जॉय, आणि टायर बदलायला आलेला एक टेम्पोवाला. जॉयने आधी हीटरच्या दोन वायरींना मीटर लावला. "पाच-सहा ओम. हीटर जिवंत हाय, नवा सेन्सर नको. म्हणजे वायरच." गाडी खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च घेऊन तो खाली उतरला. मी मागे सरकलो. मनात वाक्यं जुळवत होतो. सुभाष ओरडेल, अडाणी म्हणेल, चार लोकांसमोर म्हणेल. तर मी म्हणेन, तुझ्यासाठीच केलं.

खालून जॉयचा आवाज आला, "इथे कायतरी लटकलंय हो. वायर खाली ओढून पाइपावर टेकवलीय. पार वितळून गेली, तांबं बाहेर आलंय." मग तो पकडीत एक वस्तू धरून वर आला. अर्धी काळी झालेली, पाइपाच्या बाजूने मेणासारखी गळालेली. पण छोटासा पट्टा दिसत होता, आणि टाच.

टेम्पोवाला म्हणाला, "अरे, ये तो बच्चे का जूता है."

जॉय मस्करीत बोलला, "काय सुभाषभाय, कुणाच्या पोराला उडवलंत काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुभाष खाली बसला. बसला म्हणजे टायरच्या ढिगावर कोसळला. आणि म्हणाला, "मी थांबलो नाही."

जॉयने टॉर्च बंद केला.

"आठ तारखेला. उत्तनहून येताना, डोंगरीच्या वळणावर, पहाटे. झोप येत होती. धक्का बसला. मला वाटलं कुत्रा असेल. नाही, मला काहीच वाटलं नाही, मी पाय दाबला आणि निघून आलो. रोज पेपर बघतोय, काही आलं नाही. मूल होतं. लहान मूल होतं, जॉय."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मी नजरेचं, बुटाचं, अडाणीपणाचं घेऊन उभा होतो, आणि हा काय सांगतोय? माझा सुभाष? मांजर आडवं आलं तरी ब्रेक मारणारा? टेम्पोवाला दोन पावलं मागे झाला, जसा काही रोग आहे त्याला. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली.

"तो बूट अथर्वचा आहे. मी बांधलाय."

सुभाषने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. त्यात कीव होती. "बाबा, नका. माझ्यासाठी खोटं बोलू नका."

"अरे, देवाशपथ! नजर लागू नये म्हणून बांधला. शनिवारी, तू पडला होतास तेव्हा."

"बाबा, पुरे."

चाळीस वर्षांच्या मुलाला मी कसं पटवणार होतो? मी खरं बोलत होतो आणि माझाच आवाज मला खोटा वाटत होता. जॉयने मात्र ती वस्तू उजेडात धरली. "थांबा, थांबा. हिला तार हाय. दोन वेढे, वर गाठ. गाडीखाली आलेली वस्तू स्वतःला गाठ न्हाय मारून घेत."

मी रिक्षा केली, घरी आलो, ट्रंकेतला दुसरा बूट काढला. रसिका विचारत होती, "बाबा, काय झालं? कुठे निघालात?" तिला उत्तर न देता तसाच परत. सुभाषने दोन्ही बूट हातात घेतले. तळवा पुसला. वितळलेल्यावरही बदकाची चोच राहिली होती. तो हसला, म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, सुटलो.

मग तो म्हणाला, "मग मी कुणाला मारलं?"

जॉय पकड पुसत होता, पुसलेलीच परत पुसत होता. "आठ तारीख, डोंगरीचं वळण," तो म्हणाला. "आमच्याकडचे रॉबर्ट अंकल. सायकलवर वांगी घेऊन भाईंदरला निघालेले. जिवंत हायत. मांडीचं हाड मोडलंय. त्यांना वाटतं टेम्पो होता."

जिवंत हा शब्द ऐकला आणि मला रडू आलं. सुभाषला नाही आलं.

"उद्या चर्चनंतर त्यांच्या घरी या," जॉय म्हणाला. त्याच्या आवाजातला 'सुभाषभाय' गेला होता. "मी असेन तिथे. न्हाय आलात, तर मी सांगेन त्यांना."

आणि मग तो परत खड्ड्यात उतरला. काम अर्धं टाकणारा माणूस नाही तो. जळका तुकडा कापला, जाड वायर जोडली, त्यावर काचेच्या धाग्याचं आवरण चढवलं आणि जुडगा पाइपापासून लांब वर क्लिपमध्ये बसवला. नवा फ्यूज. बॅटरीची तार काढून दहा मिनिटांनी परत लावली. चावी फिरवली तर पिवळा दिवा लागून विझला. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, तो परत लागला नाही. एवढं छान काम झालं आणि त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

रविवार, १ फेब्रुवारी

रात्री सुभाषने रसिकाला सांगितलं. ती सकाळपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिली. निघताना फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही जा त्यांच्याबरोबर."

डोंगरीला क्रुसाशेजारी कौलारू घर आहे. ओट्यावर बाजेवर रॉबर्ट पडलेला, पायाला वजन लावलेलं. माझ्याच वयाचा असेल. पांढरी दाढी वाढलेली. त्याची बायको सेलीन, रविवारची चांगली साडी नेसलेली. जॉय दाराशी उभा होता. तिला वाटलं गिऱ्हाईक आणलंय. "वांगी न्हायत हो. मळ्यात जाणारा हा असा पडलाय."

सुभाष म्हणाला, "काका, गाडी माझी होती."

त्याने पाठ करून आणलेलं बरंच होतं, रात्रभर पुटपुटत होता. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

सेलीन ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही. पुढे आली आणि सुभाषच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एक तास. चिखलात एक तास पडलेला. सहाच्या बसच्या कंडक्टरने बघितला. मला हाका मारत होता, आणि मी इथे भाकऱ्या थापत होते." मग मागे वळून नवऱ्याला, "मी सांगत होते ना तुला, टेम्पो न्हाय?"

रॉबर्टने वरच्या कौलांवरची नजर काढली. मग विचारलं, "गाडीत पेशंट होता?"

"नाही."

"बाई-माणूस, अडलेली कुणी?"

"नाही काका. एकटाच होतो. घरी चाललो होतो."

"मग घाई कसली होती?"

त्याने हे रागाने विचारलं नाही. खरंच माहिती करून घ्यायची होती त्याला. तीन आठवडे बाजेवर पडून याच एका गोष्टीचा विचार केला असणार त्याने. पळून गेलेल्या माणसाला काही तरी कारण असेल, असं त्याने धरलं असणार. सुभाष ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला.

मग रॉबर्टने माझ्याकडे पाहिलं. "तुमचा पोर?"

इथे मी खरं लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार? एक क्षण 'नाही' म्हणावंसं वाटलं. मी शेजारी आहे, सोबत आलोय, असं. शब्द तयार होते. मी स्वतःला एवढा ओळखत नव्हतो.

"हो," म्हणालो. "माझाच."

त्याने मान हलवली. सेलीनने आम्हाला बसा म्हटलं नाही, पाणीही दिलं नाही. बरोबरच केलं. सुभाष म्हणाला, "पोलिसांत तुम्ही कळवलं असेल."

"अज्ञात वाहन लिवलंय," सेलीन म्हणाली.

"मी उद्या जाऊन नाव लिहून देतो."

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी आठला नीलिमा मॅडमचा निरोप आला. जर्मन पाहुणे पुन्हा आलेत, गाडी तयार आहे का? सुभाषने पेजर वाचला आणि माझ्या हातात दिला. अथर्वला शाळेत सोडलं. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. रसिकाने कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली, लायसन्स वर.

"रिक्षाने जाऊ," मी म्हणालो.

"गाडी बघायला मागतील बाबा. फुटलेला दिवा आहे."

मी शेजारच्या सीटवर बसलो. रस्ताभर मनाशी बोलत होतो, कालपासून तेच चाललंय. माफ करतील. तो स्वतः आलाय म्हटल्यावर माफ करतील. नाही केलं तर? रसिकाच्या शाळेत कळेल. सोसायटीत कळेल. अजूनही वळता येईल, कागदावर तर अजून अज्ञात वाहनच आहे ना? हे तोंडापर्यंत आलं होतं. बोललो नाही, कारण सुभाषचे हात बघितले. स्टीअरिंगवर स्थिर होते.

फाटकात रिकामी मालगाडी आडवी होती म्हणून दहा मिनिटं थांबलो. इंजिन गरम, सगळीकडे हॉर्न. बंद पडायला एवढं पुरतं. मी समोरच्या काट्यांकडे बघत होतो. दिवा लागावा, फ्यूज जावा, गाडी इथेच उभी राहावी, आज नको, आजचा एक दिवस नको, असं मी आयुष्यात देवाकडे इतक्या मनापासून काही मागितलं नसेल.

जॉयचं काम पक्कं होतं. भाईंदरच्या पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गाडीने एक आचका दिला नाही.